स्लॅबवर पांढरा रंग की उष्णतारोधक थर?

खानदेशात ज्यांनी वरच्या मजल्यावर एक उन्हाळा काढला आहे, त्यांना स्लॅब तापणे म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. प्रश्न असतो तो उपायाचा, आणि तो बहुधा दोन पर्यायांवर येऊन थांबतो: गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा रंग मारावा, की वॉटरप्रूफिंगवर उष्णतारोधक फळ्या अंथरून वर कोबा आणि चायना चिप्स (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे) करून घ्याव्यात. जळगाव जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी, एकाच गच्चीवर मी हे दोन्ही करून पाहिले आहे. आधी तीन उन्हाळे रंगाचे गेले आणि नंतरचे चार थराचे.

दोहोंपैकी काहीही निवडा, पण खर्चाची सुरुवात छतापासून करा, असे मी आग्रहाने सांगेन. जळगाव आणि भुसावळ साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहेत. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होतो त्याच सुमारास, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच विरते. त्या वेळी भिंतींना ऊन जेमतेम चाटून जाते आणि सगळा मारा गच्ची सोसते. काँक्रीट ही उष्णता दिवसभर पोटात घेते आणि संध्याकाळनंतर खाली सोडत राहते, म्हणून दुपारपेक्षा रात्री दहाची वेळ अधिक असह्य होते. आमच्या जुन्या धाब्याच्या घरात हे होत नसे, कारण लाकडी कड्यांवर मातीचा जाड थर होता आणि दर पावसाळ्याआधी त्यावर खारी माती पडत असे. तो थर गेला आणि त्याच्या जागी पाच इंचांचा उघडा स्लॅब आला.

पांढऱ्या रंगाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. दोन दिवसांत काम होते, स्लॅबवर भार पडत नाही आणि खर्च थराच्या मानाने बराच कमी असतो. मला थरासाठी रंगाच्या जवळपास चौपट पैसे मोजावे लागले. पहिल्या उन्हाळ्यात रंगाने मला खरोखर चकित केले. दुपारी अनवाणी गच्चीवर उभे राहता येत होते आणि खोलीत पंख्याखाली बसणे सुसह्य झाले होते. पांढऱ्या गच्चीवर डोळे दिपतात, कुरडया आणि बिबड्या घालायला आईला पहाटेच उरकावे लागे, पण त्याची सवय झाली.

सवय झाली नाही ती धुळीची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये शेते नांगरून मोकळी पडलेली असतात आणि वावटळ उठली की काळी माती गच्चीवर येऊन बसते. त्यावर वळवाचे चार थेंब पडले की तिचे डाग रंगात मुरतात. असा रंग पांढरा आहे तोवरच काम करतो, आणि तो मळतो नेमका ज्या महिन्यात त्याची सर्वांत जास्त गरज असते त्याच महिन्यात. दुसऱ्या वर्षापासून मी दर पंधरा दिवसांनी सूर्योदयाआधी साबणाचे पाणी आणि खराटा घेऊन गच्ची घासू लागलो. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. पॅरापेटच्या भोकातून ते काळपट पाणी गल्लीत वाहताना दिसे, आणि खाली शेजारच्या काकू हंडा घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या असत. एका सकाळी मी बादली तशीच खाली ठेवली आणि गवंड्याला बोलावणे धाडले.

थराचा गुण असा की तो स्वच्छतेवर अवलंबून नाही. चायना चिप्सही मळतात, मात्र उष्णता अडवणारी फळी त्यांच्या खाली सुरक्षित असते. एक्सपीएस म्हणजे घट्ट पॉलिस्टायरीन फोम; त्याच्या फळीपेक्षा काँक्रीट चाळीस-पन्नास पट सहज उष्णता वाहून नेते, यावरून 50 मिलिमीटर जाडीचे मोल ध्यानात यावे. ‘इको निवास संहिता 2018’ या घरांसाठीच्या केंद्रीय ऊर्जाबचत संहितेत छतातून होणाऱ्या उष्णतेच्या वहनाला (दर चौरस मीटरला, तापमानातील दर अंश फरकामागे) 1.2 वॅटची कमाल मर्यादा घातलेली आहे. उघडा स्लॅब तिच्या दुपटीहून पुढे जातो आणि ही फळी घातली की तिच्या बरेच आत येतो. नुसत्या विटांच्या तुकड्यांचा कोबा पुरेसा आहे असे पुष्कळ गवंडी सांगतात, पण तो मुख्यतः पाण्यासाठी असतो. माझ्याकडे मोजण्याचे यंत्र नाही. पूर्वी रात्री दहा वाजता स्टुलावर चढून छताला तळवा लावला तर तो क्षणभरही टेकवत नसे, आणि आता तिथे हात निवांत ठेवता येतो. मध्यरात्री गादी उचलून गच्चीवर नेणे बंद झाले, आणि थंडीच्या दिवसांत पहाटेचा गारठाही कमी जाणवतो, जो लाभ रंगाने दिला नव्हता.

अर्थात थरालाही अडचणी आहेत. खिडक्या रात्रभर बंद ठेवल्या, तर भिंतींतून आलेली उष्णता वर निघून जाण्याची वाट उरत नाही, म्हणून रात्री वारा खेळता ठेवावाच लागतो. खाली गळती राहून गेली तर ती शोधायला सगळे उकरावे लागते. पत्र्याचे घर असेल, घर भाड्याचे असेल किंवा जुन्या स्लॅबच्या मजबुतीबद्दल शंका असेल, तर रंगच घ्यावा, आणि धुण्यापुरते पाणी आहे का एवढे आधी पाहावे. घर स्वतःचे आणि स्लॅब धडधाकट असेल, तर मात्र एक उन्हाळा थांबून पैसे जुळवणे मला अधिक योग्य वाटते.

थर करायचे ठरलेच, तर फळ्या येण्याआधी वॉटरप्रूफिंगवर दोन-तीन दिवस पाणी साठवून खालून छत तपासावे. टीव्हीच्या खोक्यात येतो तसला मऊ थर्माकोल घेऊ नये, तो दबतो आणि पाणी धरतो. घनमीटरला 32 किलोच्या आसपास घनतेची फळी मागावी. आणि सांध्यांवर पट्टी मारली जात असताना स्वतः गच्चीवर उभे राहावे, कारण आमच्याकडे जिन्याजवळचा एकच सांधा तसाच राहिला आणि त्या रेषेखालचे छत आजही हाताला कोमट लागते.