कूलिंगच्या पेशंटसाठी हीटेड ह्युमिडिफायर: यंत्र गुणी, पण त्याच्या लेखी सगळे ३७ अंशांचेच

मी आयसीयूत नर्स आहे. हे परीक्षण एखाद्या मॉडेलचं नाही, एका जातीच्या यंत्राचं आहे. व्हेंटिलेटरची हवा गरम आणि ओली करणारा, तापमान स्वतःच मोजून हीटर कमीजास्त करणारा (सर्वो-कंट्रोलचा) हीटेड ह्युमिडिफायर, म्हणजे खाली तापणारी प्लेट, वर आपोआप भरणारं पाण्याचं चेंबर आणि नळ्यांच्या आत गरम तार असलेलं सर्किट. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या जातीची यंत्रं थोड्याफार फरकाने सारखीच वागतात. एरवीच्या व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी मी याला पैकीच्या पैकी गुण देईन. पेशंट कूलिंगवर, म्हणजे मेंदू जपायला मुद्दाम गार करून ३३ अंशांवर आणलेला असेल तर पाचातले साडेतीन.

श्वासनळीत ट्यूब टाकली की हवा ऊबदार आणि ओली करणारे नाक आणि घसा कामातून जातात. भिंतीतून येणारा ऑक्सिजन आणि एअर जवळजवळ कोरडे असतात, त्यात ओलावा आपण घालायचा. ३७ अंशांची पूर्ण ओली हवा लिटरमागे ४४ मिलिग्रॅम पाणी धरते. ३३ अंशांना तीच हवा साधारण ३६ मिलिग्रॅमच धरू शकते. कूलिंगमधल्या ह्युमिडिफिकेशनच्या सगळ्या भानगडी या आठ मिलिग्रॅमच्या फरकातून निघतात.

आधी प्रतिस्पर्ध्याबद्दल, म्हणजे एचएमई (हीट अँड मॉइश्चर एक्स्चेंजर), ट्यूबच्या तोंडाशी लावायचा छोटा डबा. वॉर्डात त्याला सगळे नुसतं ‘फिल्टर’ म्हणतात. स्वस्त, हलका, वायर नाही, अलार्म नाही. पेशंटच्या बाहेर पडणाऱ्या श्वासातली वाफ आणि ऊब धरून ठेवायची आणि पुढच्या श्वासाला परत करायची, एवढंच त्याचं काम. पण पेशंटच गार असेल तर श्वासातही वाफ कमी. अमेरिकन असोसिएशन फॉर रेस्पिरेटरी केअरच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीराचं तापमान ३२ च्या खाली असेल तर एचएमई लावू नये असं म्हटलं आहे. मग ‘आपला पेशंट ३३ वर आहे, चालतंय की!’ असा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. त्याच सूचनांत एचएमईने किमान ३० मिलिग्रॅम द्यावेत असंही आहे, ते मात्र कुणी वाचत नाही. ३७ ला ४४ पैकी ३० परत करायचे म्हणजे सुमारे ६८ टक्के. ३३ ला ३६ पैकी ३० म्हणजे ८३ टक्क्यांच्या पुढे, आणि तेही श्वास वाटेत जराही गार न होता फिल्टरपर्यंत पोचला असं धरून. तो तसा पोचत नाही. लेलूश आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कूलिंगच्या पेशंटवर प्रत्यक्ष मोजमाप केलं तेव्हा नेमकं हेच दिसलं: एचएमई कमी पडले आणि हीटेड ह्युमिडिफायरने गरजेपेक्षा जास्त दिलं.

शिवाय कूलिंगमध्ये पेशंट सेडेशनवर, म्हणजे गुंगीत असतो, शिव्हरिंग (कुडकुडणं) थांबवायला बऱ्याचदा औषधाने स्नायू ढिले करून पॅरालाइजही केलेला असतो. खोकला नाही, गारव्यामुळे श्वासमार्गातल्या सूक्ष्म केसांची हालचाल मंद, सिक्रिशन्स (श्वासमार्गातला चिकट स्राव) घट्ट. अशात ट्यूबमध्ये खपली धरायला लागली तर पेशंट स्वतः काहीच सांगू शकत नाही. सांगते ती सक्शन कॅथेटर, म्हणजे स्राव ओढून काढायची बारीक नळी, आत सरकताना अडखळून. म्हणून एचएमई आमच्याकडे सीटी स्कॅनला नेण्यापुरता.

आता मूळ यंत्र. इन्व्हेसिव्ह (ट्यूबच्या पेशंटसाठीच्या) मोडला ते चेंबरच्या तोंडाशी ३७ अंश राखतं आणि तारेने गॅस वाय-पीसपर्यंत, म्हणजे दोन्ही नळ्या पेशंटजवळ जुळतात तिथपर्यंत, ४० वर नेतं, म्हणजे नळीत पाणी सुटत नाही आणि पुढच्या तुकड्यात थोडा गार होऊन तो पेशंटला ३७ ला पोचतो. हिशोब सुंदर आहे, फक्त समोरचा माणूस ३७ चा असेल तर. पेशंट ३३ चा असल्याचं यंत्राला सांगायची सोयच नाही. इथे माझा एक गुण कापला गेला. व्हेंटिलेटरला उंची सांगतो, मॉनिटरला वय सांगतो, कूलिंग मशीनला तर टार्गेट दशांशात देतो. ह्युमिडिफायरला मात्र विचारायचं सुचलेलं नाही.

परिणाम असा की ४४ मिलिग्रॅम घेऊन गेलेल्या हवेतले आठेक मिलिग्रॅम आतच राहतात, गार बाटलीवर बाहेरून पाणी सुटतं तसे. मिनिटाला सहा लिटर व्हेंटिलेशन धरलं तर दिवसाला सत्तर मिलिलिटरच्या आसपास. हा आकडा ऐकून डॉक्टर दचकतात, मी नाही. एवढं पाणी सक्शनने निघतं. कोरडी खपली निघत नाही.

दचकायचं ते सर्किटमधल्या पाण्याला. एसीचा झोत थेट नळीवर असेल, किंवा एक्सपिरेटरी (बाहेर पडणारा श्वास परत नेणाऱ्या) नळीत तार नसलेलं सर्किट असेल, तर खोलगट भागात पाणी साचतं, डुचमळतं आणि व्हेंटिलेटरला तो पेशंटचा प्रयत्न वाटतो. पॅरालाइज केलेला पेशंट सेट रेटपेक्षा जास्त श्वास घेताना दिसला तर औषध वाढवण्याआधी नळी बघा. गार शरीर आधीच कमी कार्बन डायऑक्साइड बनवतं, त्यात हे फुकटचे श्वास भरले की पातळी आणखी घसरते, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. ज्या मेंदूसाठी एवढा खटाटोप चाललाय त्यालाच रक्त कमी पडतं. म्हणून दोन्ही नळ्यांत तार असलेलंच सर्किट मागवा, हे मी स्टोअरला तोंडी नाही, लेखी सांगते. एक्सपिरेटरी फिल्टर आणि ईटीसीओटूची (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजण्याची) बारीक नळी पण ओली होतात. राउंड आधी तेवढं बघून घ्यावं.

एक शहाणपणा दर कूलिंगला कुणीतरी सुचवतंच: ‘हीटर बंद करा ना, गार करायला मदत होईल.’ याचा हिशोब मी एकदाच करून कागद चिकटवून ठेवलाय. सहा लिटरच्या व्हेंटिलेशनला ३७ ची ओली हवा ३३ च्या शरीराला जास्तीत जास्त अडीच वॉटच्या आसपास उष्णता देते. पडून असलेला माणूस स्वतः सत्तर-ऐंशी वॉट तयार करत असतो. हीटर बंद करून पूर्ण कोरडा गॅस दिला तर नऊएक वॉट बाहेर जातील हे खरं, पण ते जातील श्वासमार्गातलं पाणी ओढून. त्या नऊ वॉटांसाठी पॅड आणि कूलिंग मशीन बसलेलं आहे, त्यांना त्यांचं काम करू द्या.

दुसरा उपाय यंत्र मास्क मोडला टाकायचा. त्यात चेंबर ३१ अंशांवर चालतं, म्हणजे सुमारे ३२ मिलिग्रॅम. ३३ च्या छातीला हे जवळचं वाटतं आणि नळीही छान कोरडी दिसते. पण ते ३६ पेक्षा कमीच आहे, हीटेड ह्युमिडिफायरसाठी सांगितलेल्या ३३ च्या किमान मर्यादेलाही टेकत नाही, आणि तो मोड ट्यूबसाठी बनवलेलाच नाही. रिवॉर्मिंग (पेशंटला परत ऊब देणं) सुरू झालं की मोड परत बदलायचं हँडओव्हरमध्ये राहून जाण्याचा धोका वेगळाच. मी इन्व्हेसिव्हवरच ठेवते आणि पाणी काढत राहते.

राहिलेला अर्धा गुण डिस्प्लेमुळे गेला. तो तापमान दाखवतो, ओलावा नाही. खोली तापलेली असेल किंवा टर्बाइनच्या व्हेंटिलेटरमधून गॅस मुळातच गरम येत असेल तर प्लेटला फारसं तापावं लागत नाही, पाण्याची वाफ कमी होते, आणि आकडा मात्र ३७ चा ३७. कूलिंगच्या गडबडीत कुणाचं लक्ष जात नाही. भरवशाची खूण कॅथेटर माउंटच्या, म्हणजे वाय-पीस आणि ट्यूब यांच्यामधल्या छोट्या नळीच्या आत दिसते: तिथे थेंब असले पाहिजेत. तिथे कोरडं आणि डिस्प्लेवर सगळं आलबेल असेल तर माउंटवर विश्वास ठेवा. चेंबरमधलं पाणीही बघा, पिशवी लटकतेय म्हणजे पाणी उतरतंयच असं नाही. आणि चेंबरला स्टराइल डिस्टिल्ड वॉटरच, सलाइन नाही.

एचएमई आणि हीटेड ह्युमिडिफायर एकाच सर्किटवर कधीच नको. सीटीहून परत आल्यावर फिल्टर काढायचा राहिला तर तो पाण्याने भरतो आणि श्वास अडतो. आम्ही ट्रॉलीच्या दांड्याला तशी चिठ्ठीच लावलीय.

नवजात बाळांच्या कूलिंगमध्ये (३३ ते ३४ अंश, ७२ तास) एचएमईचा प्रश्नच येत नाही. बाळाच्या इवल्याशा श्वासाला त्याची डेड स्पेस (वापरलेली हवा अडकून राहणारी जागा) परवडत नाही, आणि कफ (भोवती फुगणारा फुगा) नसलेल्या ट्यूबच्या कडेने बराच श्वास निसटतो. तिथे काळजी नळीतल्या गॅसचं तापमान मोजणाऱ्या प्रोबची. कूलिंगभर रेडियंट वॉर्मर (बाळाला वरून ऊब देणारा हीटर) बंद असतो तोवर ठीक. रिवॉर्मिंगला तो चालू केला आणि प्रोब त्याच्या उष्णतेत आला की यंत्राला वाटतं गॅस तापलाय, आणि ते हीटर मंद करतं. प्रोबवर चमकणारं रिफ्लेक्टिव्ह स्टिकर लावा.

मोठ्यांच्या रिवॉर्मिंगमध्ये यंत्राला हात लावावा लागत नाही. तासाला पाव ते अर्धा अंश चढत पेशंटच त्याच्या ३७ कडे येत असतो, नळीतलं पाणीही हळूहळू कमी होतं. सिक्रिशन्स मात्र याच तासांत सुटायला लागतात, तेव्हा सक्शनची तयारी बेडजवळ ठेवा आणि कॅथेटर किती सहज जाते ते चार्टवर लिहा.