एका कानानं ऐकलेले आठ महिने

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोनमध्ये पॉडकास्टचं, म्हणजे हवं तेव्हा ऐकायच्या कार्यक्रमांचं, ॲप टाकलं. आता मृग तोंडावर आलाय. मधल्या आठ महिन्यांत सोयाबीन निघालं, कापसाचे तीन वेचे झाले, हरभरा पेरून, राखून, काढून विकूनही झाला. यातलं राखणं माझ्या वाट्याला आलं. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शिवारात रानडुकरांचा त्रास असा की घाटे भरायला लागले की रात्री मचाणावर माणूस लागतोच. त्यात शेताची विजेची लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाइप उचलून पुढे न्यायचे आणि परत येऊन बसायचं. एका पाइपबदलात पॉडकास्टचे मोठे भाग अडीच बसतात. पॉडकास्टची लांबी मी अजूनही पाइपांतच मोजतो.

तेव्हा हा अनुभव सोफ्यावर बसून ऐकणाऱ्याचा नाही, हे आधीच सांगतो. बाहेर थंडी आणि अंधार, हात गुंतलेले, नजर पिकावर. अशा वेळी जे हसवतं ते खरं विनोदी, असं माझं मत झालंय.

सुरुवात मात्र नुकसानीनं झाली. डिसेंबरात एका रात्री दोन्ही कानांत इअरफोन कोंबून 'द इंटरनेट सेड सो' ऐकत होतो. वरुण ठाकूर, नेव्हिल शाह, कौतुक श्रीवास्तव आणि आदर मलिक हे चौघे स्टँडअपवाले हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत इंटरनेटवरची काहीतरी अजब माहिती काढतात आणि तिच्यावर तुटून पडतात. विषय राहतो बाजूला, चौघे एकमेकांचीच ओढत बसतात. मी हसत होतो. मागच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, डुकरांचा कळप आला, खाऊन, उकरून गेला, मला पत्ता नाही. सकाळी बाबांनी उपटलेली झाडं पाहिली, माझ्या गळ्यातली वायर पाहिली आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून एकच कान. उजव्यात पॉडकास्ट, डावा शेताला.

आता गंमत. एका कानानं ऐकायला लागलो तसा एक मुलाखतीचा कार्यक्रम फारच विचित्र वाटायला लागला. यजमान प्रश्न विचारायचा, मग बराच वेळ शांतता, मग यजमान एकटाच खदखदून हसायचा. मला वाटलं, हीच यांची शैली असेल, मोठी माणसं आहेत. दोन भाग तसेच ऐकले, दोन-तीनदा हसलोही. मग कळलं की एकाचा आवाज उजव्या बाजूला आणि दुसऱ्याचा डाव्या बाजूला ठेवलाय. पाहुणा बिचारा माझ्या छातीवर लोंबणाऱ्या दुसऱ्या बोंडात बोलत होता. इलाज सोपा निघाला: फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथं 'मोनो ऑडिओ' चालू करायचं. दोन्ही बाजू एकत्र होऊन एका कानात येतात. जागलीला जाणाऱ्यांनी, दुचाकीवर एक कान मोकळा ठेवणाऱ्यांनी आणि ज्यांना एकाच कानानं ऐकू येतं त्यांनी हे आजच करून ठेवा.

ॲप मी अँटेनापॉड वापरतो. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, ॲपच्या स्वतःच्या जाहिराती नाहीत, स्वयंसेवक मिळून चालवतात. आमच्याकडे शेतात नेटवर्क धुऱ्यावर उभं राहिलं तर एक काडी, मचाणावर तीही नाही. म्हणून घरीच भाग उतरवून न्यायचे. हिशोब असा: 64 केबीपीएस दर्जाच्या आवाजाचा एक तासाचा भाग साधारण 29 एमबीत येतो, 128 चा असला तर 58. तेच तासाभराचं बोलणं यूट्यूबवर व्हिडिओत पाहायला गेलं तर कमी दर्जातही कितीतरी पट डेटा खातं. झोप लागली की आपोआप बंद व्हावं म्हणून स्लीप टायमर आहे, पण जागलीला त्याचा काय उपयोग? इंग्रजी कार्यक्रम मी 0.8 वेगानं लावतो. बी. ए. ला इंग्रजी होतं, तरी बोलणारा पळायला लागला की मागे राहतो. प्रत्येक पॉडकास्टला वेगळा वेग ठरवून देता येतो, ही सोय मला सगळ्यात जास्त कामी आली.

आता आवडते. पहिला नंबर 'कोनन ओब्रायन नीड्स अ फ्रेंड'. अमेरिकेत वर्षानुवर्षं रात्रीचा टॉक शो चालवलेला हा माणूस. नोव्हेंबर 2018 मध्ये त्यानं हे सुरू केलं. कल्पना एवढीच की आपल्या भोवतीची सगळी माणसं पगारी आहेत, खरा मित्र एक नाही, म्हणून नावाजलेल्या लोकांना बोलवायचं आणि मैत्री जमते का बघायचं. प्रत्येक पाहुणा सुरुवातीला आपलं नाव सांगून कोननचा मित्र होण्याबद्दल काय वाटतं ते सांगतो. निम्म्या पाहुण्यांना मी ओळखत नाही. ओळखायची गरजही पडत नाही, कारण माझा जीव अडकलाय तो त्याच्या असिस्टंटमध्ये, सोना मोव्हसेसियनमध्ये. ऑफिसात सीरियली बघते, डुलक्या काढते, आणि हे सगळं मालकासमोर माइकवर सांगते. तो वैतागतो, ती आणखी टाकते, मधे निर्माता मॅट गॉर्ली तेल ओततो.

हे नातं मी ओळखतो. आमच्या आजोबांकडे एक सालदार होता, बावीस वर्षं. आजोबांनी ओरडून सांगितलेलं काम तो आपल्या वेळेनं करायचा, आणि आजोबा चुकले की चारचौघांत तोंडावर सांगायचा. दर पाडव्याला दोघं साल मोडायची भाषा करायचे आणि संध्याकाळी एकाच ताटाजवळ बसलेले असायचे. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत ती बोलायला लागली की मला आमचा गोठा दिसतो. आता कोणी मला सांगू नका की परदेशी विनोद आपल्याला कळत नाही.

दुसरा 'हाऊ डिड धिस गेट मेड?'. 2010 पासून चालू आहे. पॉल शीर, जून डायान राफेल आणि जेसन मँटझुकस एखादा अत्यंत भंगार सिनेमा घेतात आणि तो मुळात बनलाच कसा याचा पंचनामा करतात. शेवटी त्याच सिनेमाला कुणीतरी इंटरनेटवर दिलेले पाच तारे वाचून दाखवतात, तो भाग तर चुकवू नयेच. यातले सिनेमे मी पाहिलेले नाहीत आणि पाहणारही नाही. आमच्या गावात एक जण होता, कोर्टाच्या तारखेला यवतमाळला जायचा आणि तारीख पडली की पिक्चर टाकून यायचा. केस बरीच वर्षं चालली, त्यामुळे पिक्चरही पुष्कळ झाले. रात्री पारावर बसून सगळी स्टोरी सांगायचा, हाणामारीच्या आवाजासकट, हिरोइन रडली की हा उपरण्यानं डोळे पुसायचा. त्यातले दोन-तीन पिक्चर मी पुढे टीव्हीवर पाहिले. साफ फुसके. सांगणारा भारी होता. या तिघांचंही तसंच आहे, फक्त ते सिनेमा वाईट होता हे कबूल करून सांगतात.

'नो सच थिंग अॅज अ फिश' हे ब्रिटनचं. 'क्यूआय' या टीव्ही कार्यक्रमासाठी माहिती खणणाऱ्या चौघांनी 2014 मध्ये सुरू केलं. त्या आठवड्यात सापडलेली एकेक अजब गोष्ट प्रत्येकानं आणायची. नावाचा अर्थ 'मासा नावाचं काही नसतंच'. जीवशास्त्राच्या हिशोबानं मासे असा एक स्वतंत्र कुळाचा गट बनत नाही, फुप्फुसवाला मासा इतर पुष्कळ माशांपेक्षा आपल्याच जास्त जवळचा. हे मी भोई आळीतल्या मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "मंग बुधवारच्या बजारात मी काय इकतो बे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एनपीआर या अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओचं 'पॉप कल्चर हॅपी अवर' नावाला तासाचं. भाग वीसेक मिनिटांचे, नवा सिनेमा किंवा मालिका बरी की वाईट ते सांगून मोकळे. चहा होईपर्यंत संपतं. ठीक आहे.

मराठीचं काय? ऐकतो ना. 'मित्रम्हणे'मध्ये सौमित्र पोटे नाटक-सिनेमावाल्यांना निवांत बोलू देतात, पाहुण्याच्या पायात पाय घालत नाहीत. 'अमुक तमुक'चे ओंकार जाधव आणि शार्दूल कदम विषय घेऊन बसतात, तो नेहमीच हसण्याचा नसतो, पण मित्र बोलतायत असं वाटतं. 'व्हायफळ' हे नाव ज्याला सुचलं त्याला माझ्याकडून एक कटिंग.

पण तक्रार आहे, आणि ती आता सगळ्याच भाषांत वाढत चाललीय. पॉडकास्ट म्हणायचं आणि करायचा व्हिडिओ. कुणीतरी म्हणतं, "हे बघ, हा फोटो!" आणि सगळे हसून लोळतात. मी अंधारात, एका कानानं, काय बघू? एकदा पाहुण्यानं काहीतरी नक्कल केली, पंधरा सेकंद नुसता खुर्चीचा करकर आवाज आणि टाळ्या. काही कार्यक्रम तर फक्त यूट्यूबवर, म्हणजे पैसे भरल्याशिवाय स्क्रीन बंद करून ऐकता येत नाही. मचाणावर उजळलेला फोन हातात धरला की बॅटरी जाते, आणि डोळ्यांना अंधारातलं दिसायचं बंद होतं. फोटो दाखवायचाच असेल तर त्यात काय आहे ते एका वाक्यात बोला. रेडिओवाल्यांना हे कळत होतं. आकाशवाणी नागपूर 1948 पासून सुरू आहे, आणि श्रुतिकेत दार उघडलं तर ते करकरायचं.

आणि वऱ्हाडी? टीव्हीवरच्या विनोदात वऱ्हाडी बोलणारा आला की लोक आधीच हसायला तयार असतात, त्यानं अजून काही म्हटलेलं नसतं. मला असं काही पाहिजे जिथं दोन वऱ्हाडी माणसं नव्या वेबसिरीजवर, क्रिकेटवर, कुणाच्या लग्नातल्या डीजेवर तासभर बोलतील आणि भाषा हाच विनोद नसेल. तिकडे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत लोक दिवाळीनंतर थंडीत रात्रभर नाटकं बघतात. विदर्भात ऐकणाऱ्यांची वानवा आहे असं कुणी म्हणू नये.

हरभरा निघाल्यापासून जागल नाही. आता संध्याकाळी पानठेल्यावर असतो. तिथले काका एकदा वायर ओढून म्हणाले, "काय आयकून राह्यला? रेडू हाय का?" मी सांगितलं, पॉडकास्ट. हा शब्द 2004 मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकारानं 'द गार्डियन'मध्ये वापरला, आयपॉड आणि ब्रॉडकास्ट जोडून. 2022 मध्ये आयपॉड बंद झाला, शब्द राहिला, वगैरे. काका चुना मळत म्हणाले, "ते जाऊ दे. त्यात काय म्हन्ते ते सांग."

मग कोननचा एक भाग मराठीत करून सांगितला. दुसऱ्या दिवशी दुसरा. पाहुणे गाळतो, सोनाला कुणी गाळू देत नाही. काकांनी तिची परस्पर सोनी केलीय. काल सायकल टेकवायच्या आधीच विचारलं,

"मंग, सोनीनं काम सोडलं का नाई?"

"नाही काका. 2009 पासून तिथंच आहे."

काकांनी पान लावता लावता विचार केला. "मालक बरा असन मंग," ते म्हणाले, आणि माझ्या पानात सुपारी जास्त टाकली.