‘ईठा’ बघायचा की नाही? त्याआधी हे चरित्रपट पडताळून बघा

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांवर हिंदीत ‘ईठा’ हा सिनेमा येणार, दिग्दर्शक ‘छावा’वाले लक्ष्मण उतेकर आणि विठाबाईंच्या भूमिकेत श्रद्धा कपूर, हे कळल्यापासून सोलापूर जिल्ह्यातल्या तमाशाप्रेमींत सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, बरं झालं, आता दिल्लीतल्या माणसालाही विठाबाई कोण ते कळेल. दुसरा म्हणतो, वाट लावणार बघा. नाव नारायणगावचं असलं तरी विठाबाईंचा जन्म पंढरपूरचा, १९३५ चा. त्यात मोडनिंबची लावणीची कला केंद्रं आणि अकलूजची लावणी स्पर्धा आपल्याच जिल्ह्यात. इथल्या प्रेक्षकाला ढोलकीचा ठेका चुकलेला लगेच कळतो.

कोणत्या तटात बसायचं हे ठरण्याआधी, कलावंतांवरच्या आधीच्या सिनेमांनी काय केलं ते बघून घ्यावं. सगळे बघायला कोणाला वेळ आहे? पण तुमची धास्ती नेमकी कशाची, हे ठाऊक असेल तर एक-दोन पुरतात.

बहुतेकांची पहिली धास्ती चेहऱ्याची. ‘ती विठाबाईंसारखी दिसते का?’ माझ्या मते ही सगळ्यात फुकाची काळजी. ‘बालगंधर्व’ (२०११) बघा. सुबोध भावेंना गंधर्वांच्या रूपात उभं करणाऱ्या विक्रम गायकवाडांच्या रंगभूषेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि गाण्यांसाठी आनंद भाटेंनाही मिळाला. चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा, तरी जोड कुठे दिसत नाही. उलट ‘मी वसंतराव’मध्ये (२०२२) नातू राहुल देशपांडे स्वतःच वसंतराव झाले, गायलेही स्वतःच, आणि पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यांनाच. दोन्हींत मला ‘मी वसंतराव’ उजवा वाटतो. तिथे गाणं सजावटीला येत नाही. स्वतःची गायकी सापडेपर्यंत माणूस किती वर्षं चाचपडतो, हे गाण्यातूनच उलगडत जातं. ‘बालगंधर्व’ डोळ्यांना फार सुखावतो, पण नाटक कंपनी कर्जात कशी बुडाली ते बघतानाही आपली नजर शालूंवरच राहते.

म्हणून ‘ईठा’बाबत चेहऱ्यापेक्षा आवाजाकडे कान ठेवावेत. तमाशाच्या फडाची लावणी खुल्या मैदानात हजारोंपुढे म्हटली जायची. ती स्टुडिओत गुळगुळीत केली की संपलं.

दुसरी धास्ती: घरच्यांनी काय लपवलं असेल? इथे मात्र खरंच तोलून बघण्यासारखं आहे. ‘महाराष्ट्र शाहीर’ (२०२३) शाहीर साबळेंच्या नातवाने, केदार शिंदेंनी केला. अंकुश चौधरी शाहीर, आणि त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंच्या भूमिकेत केदार शिंदेंची मुलगी सना. माया भरपूर आहे, अजय-अतुलचं संगीत आहे, पण आदर इतका की शाहीर चुकले कुठे हे शोधावं लागतं. ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ (२०१८) याच्या अगदी उलट. तोही घरातूनच आलेला, पत्नी कांचन घाणेकरांच्या पुस्तकावरचा. तरी त्यात दारू आहे, अहंकार आहे, बुडवलेले प्रयोग आहेत, आणि एवढं सगळं बघूनही घाणेकरांची गाजलेली भूमिका, लाल्या, रंगमंचावर आली की आपण टाळ्या देतोच. म्हणजे घरच्यांचा हात लागला की सिनेमा गुळमुळीत होतोच असं नाही. ज्याने सोसलं तो सांगतो की ज्याला मिरवायचंय तो, यावर सगळं ठरतं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक मित्रांना हे वेगळं सांगायला नको. त्यांनी तेलुगू नट-नेते एन. टी. रामारावांवरच्या सिनेमाचे दोन भाग २०१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत बघितलेत. साठीला टेकलेले त्यांचे चिरंजीव बाळकृष्ण वडिलांचं तरुणपण करत होते, आणि दोन्ही भाग साफ पडले. (गंमत म्हणजे त्याच दोन महिन्यांत मराठीतही पुलंवरचा ‘भाई’ दोन भागांत आला. त्यातल्या सिगारेटी आणि पेले बघून पुष्कळांनी नाकं मुरडली. माझी तक्रार वेगळी आहे. मंडळी ओळीने येतात, ओळख करून देतात आणि जातात. पुलं त्या गर्दीत हरवतात.)

त्याआधी वर्षभर, २०१८ मध्ये, तेलुगूतच ‘महानटी’ आला होता. अभिनेत्री सावित्रीचं आयुष्य, कीर्ती सुरेशला राष्ट्रीय पुरस्कार. त्यावरून तर घरातच दोन मतं झाली. सावित्रीची मुलगी सिनेमाच्या बाजूने, तर सावित्रीचे पती जेमिनी गणेशन यांच्या पहिल्या पत्नीच्या मुलीचा वडिलांच्या चित्रणावर जाहीर आक्षेप. मला विचाराल तर या यादीतला सर्वांत चांगला हाच. ‘मायाबजार’मधला प्रसंग कीर्ती सुरेश पुन्हा करते, तेव्हा सावित्री मोठी का होती हे कोणी बोलून सांगावं लागत नाही. आणि शेवटची दारू, कफल्लकपण, कोमा, यातलं काही टाळलेलं नाही. तेलुगू येत नसेल तर सबटायटल लावून बघा.

तिसरी धास्ती शेवटाची, आणि विठाबाईंच्या बाबतीत तीच सगळ्यात मोठी. भगवानदादांवरच्या ‘एक अलबेला’चा (२०१६) सगळा जीव १९५१ चा ‘अलबेला’ उभा करण्यात आहे. मंगेश देसाई झकास, गीता बालींच्या भूमिकेत विद्या बालन, नाच बघून मजा येते. संध्याकाळ हलकीफुलकी हवी असेल तर हाच लावा. पण चाळीतल्या खोलीत दिवस काढणारे भगवानदादा ज्यांनी ऐकलेत, त्यांना चुटपुट लागते. विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपती पदक मिळालं, आणि २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा उपचारांचे पैसेही लोकांच्या मदतीतून उभे राहिले होते. पदकावर थांबणारा सिनेमा सोपा. पदकापासून दवाखान्यापर्यंत चालत जाणारा हवा.

आणि ती बाळंतपणाची गोष्ट. दिवस भरलेले असताना विठाबाई नाचत होत्या, मध्येच कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडून पुन्हा बोर्डावर आल्या. हा प्रसंग सिनेमात असणारच, असावाही. भीती एवढीच की सगळा सिनेमा त्या एका प्रसंगासाठी रचला जाईल. गण, गवळण, बतावणी आणि शेवटचं नाट्य म्हणजे वग, हे तमाशाचे सगळे भाग खाऊन नुसती लावणी उरेल. विठाबाईंचा ढोलकी फड होता, म्हणजे वगासकट पूर्ण तमाशा; नुसत्या गाण्या-नाचाची संगीत बारी नव्हे. वग वठवणारी बाई होती ती. मोडनिंबला जाणारा माणूस हा फरक बिनचूक सांगेल, मुंबईच्या सेटवर कोण सांगणार? शिवाय भाऊ-बापू मांग नारायणगावकर हे फडाचं नाव जातीसकट उघड मिरवलं जायचं. हिंदीत ते तसंच राहतं का, याकडे माझं लक्ष आहे.

उतेकर ऐकून घेणारे आहेत, एवढं ‘छावा’च्या वेळी दिसलं. ट्रेलरमधल्या लेझीमवर आक्षेप आले आणि त्यांनी ते दृश्य काढलं. आशावाद्यांना यात दिलासा वाटतो. मला थोडी धाकधूकच वाटते. उद्या विठाबाईंच्या आयुष्यातलं खरं पण टोचणारं काही कोणाला खटकलं, तर तेही असंच निघणार का?

सोलापूरकराला जुनंही एक जवळचं आहे. १९४७ चा ‘लोकशाहीर रामजोशी’, आपल्याच गावच्या शाहिरावरचा. त्यात अभिनेत्री हंसा वाडकर होत्या. पुढे त्यांच्याच आत्मकथनावरून श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ (१९७७) केला, स्मिता पाटीलला घेऊन. कलावंत बाईचं आयुष्य तिला देवी न करता दाखवणं हिंदीत जमू शकतं, याचा तो पुरावा. ‘ईठा’च्या आधी एकच बघायचा असेल तर ‘भूमिका’ बघा, दोन जमत असतील तर जोडीला ‘महानटी’. आई-वडिलांसोबत बसणार असाल तर ‘मी वसंतराव’. ‘घाणेकर’ नाटकवेड्यांसाठी. ‘महाराष्ट्र शाहीर’ गाण्यांपुरता पुरे.

‘ईठा’चं पहिल्या दिवसाचं तिकीट मी काढणार आहे. तुम्ही साशंक असाल तर रविवारपर्यंत थांबा आणि बघून आलेल्याला एकच विचारा: वग किती वेळ दाखवलाय?