पेर्फेक्ट की प्रेटेरिटुम, आधी कुठला भूतकाळ?

भाचीचं जर्मन सुरू झालंय, परवा विचारत होती, मावशी, पेर्फेक्ट आणि प्रेटेरिटुम, दोन्ही भूतकाळ एकदम डोक्यात जात नाहीत, आधी कुठला करू?

बोलण्यात कुठला चालतो ते बघ. चहा प्यायले हे घरात, दुकानात 'इश हाबे टे गेट्रुंकन' असंच येतं, हा पेर्फेक्ट. 'इश ट्रांक टे', म्हणजे प्रेटेरिटुम, चूक नाही, पण गोष्टीतलं वाटतं, दक्षिण जर्मनीत आणि ऑस्ट्रियात तर बोलताना फारच कमी.

मेहनत म्हणशील तर पेर्फेक्टमध्ये दोन तुकडे सांभाळायचे, सहाय्यक क्रियापद आणि मुख्य क्रियापद, सहाय्यक हाबेन (हाबे) की झाइन (बिन) तेही ठरवायचं, पुण्याला गेले तर 'इश बिन नाख पुणे गेफारेन', इथे हाबे लावलं की चुकलं, आणि मुलं इथेच सगळ्यात जास्त अडकतात. पण मुख्य क्रियापद शेवटी जातं ते आपल्या मराठीसारखंच, त्यामुळे कानाला पटकन बसतं. प्रेटेरिटुम एका शब्दात होतो, 'गेहेन' (जाणं) चं 'गिंग', पण अशी रूपं पाठच करावी लागतात.

बोलायचंय, परीक्षेत ओळख करून द्यायचीये तर पेर्फेक्टच, सोबत 'वार' (होते), 'हाटे' (जवळ होतं), 'कोंटे' (करू शकले) एवढी प्रेटेरिटुमची रूपं आत्ताच घे, ती बोलण्यातही लागतात. गोष्टी, बातम्या वाचायच्या असतील तेव्हा बाकीचा प्रेटेरिटुम.