तीन वर्षं मी जेनिफर होते : अमेरिकेच्या सरकारी नाव-तक्त्याचा रिव्ह्यू

२००४ ते २००७ अशी तीन वर्षं, रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच, माझं नाव जेनिफर होतं. उरलेल्या वेळात वैशाली.

अमेरिकन क्रेडिट कार्डवाल्यांचे फोन घेणारं कॉल सेंटर होतं. ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवशी ट्रेनरने एक झेरॉक्स कागद फिरवला. त्यावर तीस-चाळीस नावं, काहींवर आधीच काट मारलेली. "वैशाली त्यांच्या जिभेवर बसायचं नाही, यातलं एक उचल," म्हणाला. मी जेनिफर उचललं, कारण मिशेल माझ्या आधीच्या मुलीने पळवलं होतं. शेजारच्या खुर्चीतला नितीन झाला गॅरी आणि पलीकडची स्मिता झाली नॅन्सी. नावं कुठून आली, कोणी निवडली, हे विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. पहिल्या पगाराकडे डोळे लागलेले.

गेल्या महिन्यात जुन्या फायली आवरताना कॉल सेंटरचा बिल्ला सापडला. 'जेनिफर', खाली माझा फोटो. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा प्रश्न पडला, की ही बाई मुळात कोण? शोधता शोधता अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनच्या, म्हणजे तिथल्या लोकांचं सरकारी पेन्शन बघणाऱ्या खात्याच्या, 'बेबी नेम्स' या पानावर पोचले आणि दोन आठवडे तिथून हलले नाही. म्हणून हा रिव्ह्यू.

आधी सेवा काय आहे ते सांगते. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी कार्डासाठी जे अर्ज येतात, त्यांतली पहिली नावं मोजून हे खातं यादी करतं. १८८० सालच्या जन्मांपासून पुढची दरवर्षीची आकडेवारी आहे. नवी यादी साधारण मे महिन्यात, मदर्स डेच्या आसपास येते. पैसे नाहीत, लॉगिन नाही, 'तुमच्या बाळासाठी शुभ नाव' म्हणून मागे लागणाऱ्या जाहिराती नाहीत. नाव टाकलं की वर्ष आणि क्रमांक असा कोरडा तक्ता समोर येतो. हवं तर वर्ष निवडा आणि त्या वर्षीची पहिली हजार नावं बघा.

मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. फोनवर ओळख पटवायला आम्ही गिऱ्हाइकाला त्याच सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे विचारायचो. रात्रीत शंभरदा. तेव्हा कोणी सांगितलं असतं, की हे नंबर देणारं खातंच फावल्या वेळात बारशाची नावं मोजतं, तर मी हसले असते. हा उद्योग सुरू झाला १९९७ मध्ये. खात्यातल्या मायकेल शॅकलफर्ड नावाच्या ॲक्चुअरीने (पेन्शन-विम्याचे आकडेमोडीचे हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञाने) तो केला, कारण आपल्यासारखं गल्लोगल्ली असणारं नाव त्याला आपल्या बाळाला द्यायचं नव्हतं. त्याची चिडचिड समजण्यासारखी आहे. मुलांच्या यादीत १९५४ ते १९९८ या पंचेचाळीस वर्षांत मायकेल एकच वर्ष पहिला नव्हता. १९६० साली डेव्हिडने त्याला खाली ढकललं, एवढंच.

आता जेनिफर. मी १९८३ ची. तक्त्यात १९८३ काढलं, मुलींची यादी, पहिला क्रमांक : जेनिफर. खुर्चीतच बसून राहिले. मागे गेले तर १९८२ लाही तीच, १९७५ लाही तीच. १९७० ते १९८४, सलग पंधरा वर्षं. ऐन भरात असताना वर्षाला ६०,००० हून जास्त जेनिफर जन्मत होत्या. १९७४ मध्ये तर जन्मलेल्या शंभर मुलींत चार. म्हणजे ज्या ट्रेनरला आम्ही मनात शिव्या घातल्या, त्याने (किंवा तो कागद करणाऱ्या कोणीतरी) माझ्या वयाच्या अमेरिकन मुलीला चपखल बसेल असं नाव माझ्यापुढे ठेवलं होतं. मुद्दाम की नशिबाने, देव जाणे.

नशिबानेच असावं, कारण नितीन आणि स्मिताचं काय झालं ते बघा. स्मिता माझ्याच वयाची. पण नॅन्सी हे १९४० च्या दशकात पहिल्या दहात असणारं नाव. फोनवरच्या आज्या तिच्याशी अशा बोलायच्या जणू शाळेतली मैत्रीण भेटलीय. गुडघेदुखी, सून, सगळं. आम्हाला वाटायचं, स्मिताचा आवाजच मायाळू. आवाज आहेच मायाळू, पण अर्धं काम नावाने केलेलं. आणि नितीन! बावीस वर्षांच्या नितीनला एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, "गॅरी, तू रिटायर कधी होतोयस?" आम्ही ते आठवडाभर चघळलं. तक्ता सांगतो, की गॅरी १९५० च्या दशकात पहिल्या दहापर्यंत चढला होता आणि मग उतरत गेला. म्हाताऱ्याचं काय चुकलं?

माझीही एक आठवण आहे. एका बाईंनी मी नाव सांगताच म्हटलं, "आज बोललेली तू तिसरी जेनिफर." माझ्या पोटात गोळा आला. आता या म्हणणार, खरं नाव सांग, कुठून बोलतेस सांग. मी घाईघाईने बिलाचा विषय काढला, हात थरथरत होते. पुढे कितीतरी दिवस त्या कॉलचं रेकॉर्डिंग कोणी ऐकेल म्हणून धास्ती. आता तक्ता बघून कळतं, की त्या काळी अमेरिकेत दिवसभरात तीन जेनिफर भेटणं ही काही संशय घ्यायची बाब नव्हती. बाई बहुतेक नुसत्याच गप्पा मारत होत्या.

इथपर्यंत सेवेला पैकीच्या पैकी. पुढे तक्रारी.

पहिली आणि मोठी : हे पान 'किती' सांगतं, 'कुठून' आणि 'का' याबद्दल चकार शब्द नाही. नावाचा अर्थ नाही, मूळ नाही. ते मला दुसरीकडे धुंडाळावं लागलं. आणि मूळ तर असं सुरस! जेनिफर म्हणजे ब्रिटिश दंतकथांतल्या किंग आर्थरच्या राणीचं, ग्विनेव्हिअरचं, इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातलं रूप. वेल्श भाषेतलं मूळ नाव ग्वेनहुइवार. त्यातलं 'ग्वेन' म्हणजे गोरी, शुभ्र. उरलेल्या भागाचा अर्थ कोणी 'छाया' लावतात, कोणी 'नितळ'. शुभ्र छाया! आम्हा रात्रपाळीवाल्यांना याहून नेमकं नाव कोणी दिलं नसतं. इंग्लंडच्या त्या एका कोपऱ्याबाहेर हे नाव विसाव्या शतकाच्या आरंभी कोणाच्या ओळखीचंही नव्हतं. १९०६ मध्ये बर्नार्ड शॉने 'द डॉक्टर्स डायलेमा' या नाटकात नायिकेला ते दिलं. तिथेही तिला स्पष्टीकरण द्यावं लागतं, की हे विचित्र नाही, कॉर्नवॉलचं आहे.

अमेरिकेच्या पहिल्या हजारात ते थेट १९३० च्या दशकाच्या अखेरीस शिरतं. मग फिलिस आयली नावाच्या एका होतकरू नटीला निर्माता डेव्हिड सेल्झनिकने नवं नाव दिलं, जेनिफर जोन्स, आणि 'द साँग ऑफ बर्नाडेट' या १९४३ च्या चित्रपटासाठी तिला ऑस्कर मिळालं. म्हणजे तिलाही हे नाव नोकरीवरच चिकटवलेलं. हे वाचल्यावर मला तिच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

बऱ्याच जणांना वाटतं, की जेनिफरची लाट 'लव्ह स्टोरी' चित्रपटाने आणली, कारण त्यातली नायिका जेनिफर. इथे मात्र हा कोरडा तक्ताच कामाला येतो. चित्रपट आला डिसेंबर १९७० मध्ये. नाव १९६६ पासून पहिल्या दहात आहे आणि १९७० चं पूर्ण वर्ष धरून पहिलं आहे. चित्रपट यायच्या आत बहुतेक मुली जन्मून, नाव ठेवून मोकळ्या झाल्या होत्या. चित्रपटाने आगीत तेल ओतलं असेल, काडी त्याची नव्हे. उलट 'लिंडा' बघा. तक्त्याच्या सुरुवातीपासून, १८८० पासून, मेरीचं राज्य. १९४७ साली 'लिंडा' हे गाणं गाजलं आणि त्याच वर्षी लिंडाने मेरीला खाली खेचलं. तिथे काडी कोणाची हे उघड दिसतं.

दुसरी तक्रार स्पेलिंगची. एकाच नावाची वेगवेगळी स्पेलिंग वेगवेगळी मोजतात. दोन 'एन'वाली जेनिफर निराळी आणि एक 'एन'वाली निराळी. त्यामुळे ज्या नावांची पंधरा स्पेलिंग आहेत त्यांचा खरा क्रमांक कळतच नाही. उच्चाराप्रमाणे एकत्र करायची सोय हवी होती.

तिसरी गोष्ट, तक्रार म्हणा की सावधगिरी. नुसता क्रमांक फसवतो. आज पहिल्या क्रमांकावर असणारं नाव शंभर मुलींत जेमतेम एकीला असतं. १९७४ मधली पहिली आणि आजची पहिली यांत चौपट फरक, पण तक्त्यात दोघींपुढे सारखाच '१'. याचा उलगडा व्हायला खालची मोठी फाइल उतरवून घ्या. दर वर्षाची एक साधी टेक्स्ट फाइल, प्रत्येक ओळीत नाव, मुलगी की मुलगा, आणि संख्या. एक्सेल येत असेल तर दुपार मजेत जाते. मात्र पाचपेक्षा कमी बाळांना दिलेलं नाव तिथेही सापडणार नाही. ओळख उघड होऊ नये म्हणून ते गाळतात, आणि हे मला पटलं.

फार जुन्या वर्षांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कार्डं निघाली १९३६ पासून. त्याआधी जन्मलेल्या कितीतरी लोकांनी अर्जच केला नाही, ते या मोजणीत नाहीत. १८८० ची फाइल म्हणजे त्या साली जन्मलेल्यांपैकी म्हातारपणापर्यंत जगून कार्ड काढलेल्यांची हजेरी.

मी 'वैशाली' टाकूनही बघितलं. पहिल्या हजारात कधीच नाही. अपेक्षितच होतं, तरी जरा लागलं. शाळेत आमच्या वर्गात तीन वैशाल्या होत्या, बाई आडनावाने हाक मारायच्या. अमेरिकेतल्या माझ्या वयाच्या जेनिफरांचीही तीच गत झाली असणार. कागदावरून मी नाव उचललं ते बदल म्हणून, आणि पदरात पडली पुन्हा वैशालीच.

१९८५ मध्ये जेसिकाने जेनिफरला हटवलं आणि मग उतरण लागली. आता ते पहिल्या शंभरातही नाही. नवीन आई-बापांना ते आत्याचं नाव वाटत असणार.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो मूळ-अर्थ न दिल्याबद्दल. जे गॅरीच्या बाबतीत मला फारच खटकलं, कारण ती साखळी ऐकण्यासारखी आहे. एल्बर्ट गॅरी हा यू. एस. स्टील कंपनीचा प्रमुख. कंपनीने १९०६ मध्ये इंडियाना राज्यात कारखान्याभोवती शहर वसवलं आणि त्याचं आडनाव शहराला दिलं. पुढे फ्रँक कूपर नावाच्या नटाला त्याच्या एजंट बाईंनी नाव बदलायला सांगितलं आणि आपल्या गावाचं नाव सुचवलं. तो गॅरी कूपर झाला, आणि त्याच्यामागून घरोघरी गॅरी झाले. आडनावाचं शहर, शहराचा नट, नटाचं बाळ. शेवटी आमचा नितीन.

मी हे सगळं लिहून, तक्त्याच्या स्क्रीनशॉटसकट नितीनला पाठवलं. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, दोन मुलं आहेत, केस गेलेत. रात्री उशिरा उत्तर आलं : "म्हणजे तीन वर्षं मी पोलाद कारखान्याच्या साहेबाचं आडनाव लावून लोकांची लेट फी माफ करत होतो?" आणि त्याखाली, पाच मिनिटांनी : "नॅन्सीचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"