फेज कन्व्हर्टर की ट्रान्सफॉर्मर? दोन मोटरींवर दोन्ही वापरून आलेला अनुभव

सिन्नर तालुक्यात आमची शेती, कांदा आणि थोडं डाळिंब. विहिरीवर 5 एचपीची सबमर्सिबल आहे थ्री फेजवर, पण आम्ही डीपीपासून (शिवाराला वीज देणारा महावितरणचा ट्रान्सफॉर्मर) पार शेवटच्या टोकाला, त्यामुळं सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की दोन फेजमधलं व्होल्टेज 415 ऐवजी 320 च्या आसपास येतं. शेततळ्यावर 3 एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र, पाण्याबाहेर बसणारा) आहे पण तिथं कनेक्शन मंजूर आहे ते सिंगल फेजचं. मागच्या पावसाळ्यानंतर विहिरीवर स्टेप-अप ऑटो ट्रान्सफॉर्मर बसवला आणि शेततळ्यावर रोटरी फेज कन्व्हर्टर, रब्बी आणि उन्हाळा दोन्ही त्यावर निघाले, म्हणून आता लिहितोय.

दुकानात ही दोन्ही यंत्रं एकाच दुखण्यावरचं औषध असल्यासारखी दाखवतात, तसं अजिबात नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो, एका फेजमधून तीन फेज तो काढू शकत नाही, कितीही मोठा घ्या. कन्व्हर्टर तिसरा फेज तयार करतो पण मागून येणारं व्होल्टेजच डिम असेल तर तोही डिमच देणार.

म्हणून आधी मीटर लावा. स्टार्टर बंद ठेवून प्रत्येक फेज न्यूट्रलशी मोजा (सवय नसेल तर वायरमनलाच मोजू द्या). तिन्ही सारखेच कमी, म्हणजे 230 ऐवजी 180-185 वगैरे, तर तो व्होल्टेजचा प्रश्न. दोन फेज 230 आणि एक जवळजवळ मेलेला तर बहुतेक डीपीवरचा खालच्या बाजूचा फ्यूज गेलाय. आणि एक फेज 230 पण बाकी दोन 115 च्या आसपास दिसले तर वरच्या 11 केव्ही लाईनचा डीओ (खांबावरचा फ्यूज) उडालाय, कारण डीपीचं वरचं वाइंडिंग डेल्टात (त्रिकोणी जोडणीत) असतं आणि एक फेज तुटला की उरलेली दोन वाइंडिंग एकामागे एक जोडली जाऊन अर्धं अर्धं व्होल्टेज वाटून घेतात. या शेवटच्या दोन्ही गोष्टींना औषध म्हणजे लाईनमनला फोन, यंत्र विकत आणणं नाही. कंडेन्सर लावून, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण) बायपास करून दोन फेजवर मोटर ओढणारे आमच्याकडंही आहेत, त्यात मोटर तर जळतेच पण डीपी गेली तर सगळ्या शिवाराचं पाणी बंद होतं, याचा मला खरंच राग येतो.

आता विहिरीवरचा ट्रान्सफॉर्मर. मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे 415 ऐवजी 320 मिळालं की जोर 60 टक्क्यांवर येतो, मोटर अँपिअर जास्त खेचते, गरम होते, ओव्हरलोड रिले पडतो म्हणजे मोटर आपोआप बंद होते आणि रात्रीची लाईट असेल तर माणूस बॅटरी घेऊन सारखा विहिरीवर. ट्रान्सफॉर्मर लावल्यापासून हे थांबलं, पाण्याची धार एकसारखी आहे आणि मोटर काढावी लागलेली नाही. पण एक धोका दुकानदार सांगत नाहीत. ट्रान्सफॉर्मरवर 320 चं 415 करणारा टॅप (व्होल्टेज किती वाढवायचं ते ठरवणारी जोडणी) ठेवलाय आणि आजूबाजूच्या मोटरी बंद होऊन लाईन 410 वर गेली, तर मोटरला 530 च्या वर जातं. त्यामुळं ओव्हर व्होल्टेजला कट करणारा रिले त्याच्यासोबतच घ्या, तो नसेल तर ट्रान्सफॉर्मर नको. दुसरं असं की पुढं व्होल्टेज वाढवलं की मागून लाईनमधून 30 टक्के जास्त करंट ओढला जातो आणि शेजारच्याचं व्होल्टेज आणखी पडतं, सगळ्यांनी लावला तर कोणालाच उपयोग नाही.

त्याआधी करायचं स्वस्त काम म्हणजे मोटरला योग्य मापाचा कपॅसिटर, 3 एचपीला 1 केव्हीएआर (कपॅसिटरचं माप), 5 एचपीला 2, साडेसातला 3. महावितरणही हेच सांगत असतं आणि लोक ऐकत नाहीत. यानं लाईनवरचा करंट उतरतो आणि टोकाचं व्होल्टेज थोडं सुधारतं, डीपीवरच्या सगळ्यांनी लावला तर फरक चांगलाच दिसतो. (हा तिन्ही फेजला जोडायचा कपॅसिटर, वर म्हटलेला फेज फोडायचा कंडेन्सर वेगळा.)

शेततळ्यावरचा कन्व्हर्टर. कंडेन्सरवाला स्टॅटिक घेतला नाही, कारण आमच्या पाहुण्यांकडं तो बघितला होता, त्यावर मोटरची दोन तृतीयांशच ताकद धरायची असते आणि तिन्ही वायरींचा करंट एका ठराविक लोडलाच जुळतो, पाण्याची पातळी खाली गेली की लोड बदलतो आणि एक वायर तापायला लागते. रोटरीत आतमध्ये एक रिकामी फिरणारी मोटर असते, ती तिसरा फेज देते. आमच्या पेटीत 230 चं 415 करणारा ट्रान्सफॉर्मरही आतच आहे, म्हणजे इथं कन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही लागलेच. क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) तीन वायरींना 4.4, 4.9, 5.3 अँपिअर येतात, एवढा फरक मोनोब्लॉकला चालतो. ठिबकला प्रेशर पूर्ण मिळतं. तक्रारी म्हणाल तर आवाज बराच आहे, रिकामी मोटर फिरते तेवढी वीज वाया जाते आणि पेटीला हवा लागते, आम्ही पत्र्याचं शेड मोकळं ठेवलंय.

केबलकडं मात्र नीट लक्ष द्या. तेच काम सिंगल फेजवर करायचं तर करंट साधारण तिप्पट होतो, शिवाय कन्व्हर्टरचा स्वतःचा वेगळा, आमच्याकडं 18 च्या आसपास दिसतो. बारीक केबल टाकली की व्होल्टेज केबलमध्येच संपतं. 5 एचपी अशी चालवायची म्हणजे 25-30 अँपिअर, सिंगल फेजवर मी त्या भानगडीत पडणार नाही. आणि घरच्या मीटरवरून शेतीची मोटर चालवू नका, वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली ते अनधिकृत वापरात येतं आणि बिल मोठं लागतं.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) हाही पर्याय आहे, मोटर हळू सुरू होते, करंटचा झटका बसत नाही. पण 230 आत दिलं तर साध्या व्हीएफडीतून बाहेर थ्री फेज 230 च मिळतं, 415 ची मोटर असेल तर नेमप्लेट बघा, वाइंडिंगची जोडणी स्टारची डेल्टा करून मोटर 230 वर चालवता येत असेल तरच जमतं, नाहीतर पुन्हा ट्रान्सफॉर्मर आला. व्हीएफडी मोटरच्या आकड्यापेक्षा मोठा घ्यावा लागतो तो वेगळाच.

मोटर आधीच थ्री फेजची पडून असेल तरच कन्व्हर्टरचा खर्च परवडतो. नवीनच घ्यायची असेल आणि काम 2-3 एचपीत भागत असेल तर सरळ सिंगल फेज मोटर पॅनलसकट घ्या, आमच्या मोनोब्लॉकचं वाइंडिंग गेलं की शेततळ्यावर मीही तेच करणार आहे.