शाळेच्या बागेत वाफा भाड्याने घ्यायचा तर जमिनीतला, विटांचा की पिशव्यांचा?

शाळेच्या आवारात भाजीसाठी वाफा घ्यायचं ठरलं की बहुतेक पालक आधी भाडं विचारतात. कोल्हापुरात त्याआधी विचारायच्या गोष्टी दोन आहेत: जुलैत तिथं पाणी साचतं का, आणि मे महिन्यात फाटकाला कुलूप असताना पाणी कोण घालतं. कोणता वाफा घ्यायचा, कुठल्या महिन्यापासून घ्यायचा आणि एकट्याने की दोन घरांत मिळून, हे या दोन उत्तरांवरून जवळजवळ ठरून जातं.

खालची मापं 10 फूट लांब आणि 4 फूट रुंद वाफ्याची आहेत. यापेक्षा रुंद वाफा घेऊ नका. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला नाही की माणूस आत पाय ठेवतो आणि माती दबते. भांगलण, म्हणजे तण काढणं, मुलंच करणार असतील तर 3 फूट रुंदी पुरे.

जमिनीतला वाफा

माती बरी असेल तर यासारखा वाफा नाही. खर्च कमी, ओल जास्त दिवस टिकते, मुळं हवी तितकी खोल जातात. प्रश्न मातीचाच आहे. नदीकडच्या भागात काळी चिकण माती, उंचवट्यावर मुरूम, आणि शाळेच्या मैदानालगत रोलर फिरवून दाबलेला मुरूम. या शेवटच्या जागेत टिकाव चार इंच जाऊन अडतो. तिथं जमिनीतला वाफा घेऊ नका, भाडं कितीही कमी असलं तरी.

ठरवण्याआधी एक खड्डा घ्या: फूटभर खोल, फूटभर रुंद. पाण्याने भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेचं पाणी तासाला इंचभर तरी उतरायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाला पाणी दिसलं तर जुलैत तिथं मुळं कुजणार हे नक्की. मुळांना हवा मिळेनाशी होते, पानं आधी पिवळी पडतात, मग भर पावसात झाड माना टाकतं. पाणी कमी पडलं असं वाटून लोक आणखी पाणी घालतात, तिथंच झाड जातं.

काळ्या मातीवरचा उपाय म्हणजे वाफ्याचा आकार हंगामाप्रमाणे बदलणं. पावसाळ्यात 6 ते 8 इंच उंचीचा गादी वाफा करायचा आणि दोन वाफ्यांमधल्या सरीला उताराच्या दिशेने वाट काढून द्यायची. ऑक्टोबरपासून तोच वाफा सपाट करून कडेने चार बोटं बांध घालायचा, म्हणजे दिलेलं पाणी आतच मुरतं. खोऱ्याने दीड-दोन तासांचं काम आहे. ओल्या काळ्या मातीत मात्र खोरं घालू नका, ढेकळं होतात आणि ती वाळली की विटेसारखी कडक बनतात. मूठभर माती दाबून वरून सोडली आणि ती फुटली, तरच खणायला हात घालावा.

पहिल्या वर्षी 40 चौरस फुटांना 2 ते 3 घमेली शेणखत पुरतं, पण ते पूर्ण कुजलेलं हवं. म्हशीच्या गोठ्यामागचा अर्धवट कुजलेला उकिरडा आणला तर त्यासोबत हुमणी येते: पांढरी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी. ती मुळं खाते आणि वांग्याचं रोप हात लावताच उपटून येतं. खत वाफ्यात टाकण्याआधी फरशीवर पसरून अळ्या वेचून काढा. चांगल्या खताला शेणाचा वास येत नाही आणि ते हातात भुसभुशीत लागतं.

शाळा पुराच्या पट्ट्यात असेल, म्हणजे जयंती नाल्यालगत किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या सखल भागात, तर पावसाळ्यासाठी जमिनीतला वाफा घेऊच नये. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट धरतात. 2019 आणि 2021 साली पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. पुराच्या पाण्यात गटारीचं पाणी मिसळलेलं असतं. त्यात बुडालेली भाजी धुऊनही खायची नाही, उपटून टाकायची. अशा शाळेत ऑक्टोबर ते मार्च एवढाच करार करा.

विटांचा उंच वाफा

दाबलेल्या मुरमावर आणि पाणी साचणाऱ्या जागेत हाच घ्यावा. फूटभर उंचीसाठी चार थर लागतात. 9 इंची, 3 इंच जाडीच्या विटा धरल्या तर कोरड्या रचाईला सुमारे 150. खर्च विटांपेक्षा भरावाचा होतो. 40 घनफूट म्हणजे 0.4 ब्रास माल लागतो (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). दोन भाग पोयटा (गाळाची) माती आणि एक भाग कुजलेलं खत हे मिश्रण चालतं. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळून काम भागवू नका, तिचा घट्ट गिलावा होतो.

खाली काँक्रीटचा थर नको. मुरूम टिकावाने चार इंच सैल करा आणि सगळ्यात खालच्या थरात दर तीन फुटांवर इंचभर फट सोडा. फटी बुजवल्या की उंच वाफ्याचा हौद होतो. पहिल्या पावसाळ्यात भराव दोन-तीन इंच खाली बसतोच, म्हणून दोन घमेली खत वेगळं राखून ठेवा.

याचा तोटा उन्हाळ्यात कळतो. विटा तापतात आणि कडेची रांग आधी सुकते. मिरची, वांगी मध्ये लावा आणि कडेला लवकर निघणारी पालेभाजी. जमिनीतल्या वाफ्याला एप्रिलमध्ये रोज 20 लिटर पाणी पुरतं, तर याला 25 ते 30 लागतं. 10 लिटरच्या झारीने रोज तीन फेऱ्या. नळ 50 फुटांहून लांब असेल तर त्या फेऱ्या महिन्याभरात बंद पडतात. मग ठिबक बसवा. 30 सेंटीमीटर अंतराच्या, तासाला 2 लिटर देणाऱ्या इनलाइन नळीच्या (थेंब सोडणारे ड्रिपर आतच बसवलेली नळी) तीन ओळी टाकल्या की 30 ड्रिपर होतात आणि वीस मिनिटांत 20 लिटर पाणी पडतं. गाळणी बसवायला विसरू नका. बोअरच्या पाण्यातल्या बारीक वाळूने आणि गाळाने छिद्रं बुजतात आणि एकच झाड कोरडं का, हे लवकर ध्यानात येत नाही.

वाफा सोडताना विटा आणि माती कोणाची, हे करारात लिहून घ्या. एक वर्षाच्या कराराला स्वतःच्या पैशाने विटा आणणं परवडत नाही. शाळेने बांधून दिलेला वाफा मिळत असेल तर थोडं जास्त भाडं द्यायला हरकत नाही.

ग्रो बॅग

एक मूल, एक सत्र, दोन-चार झाडं, एवढ्यापुरत्या पिशव्या उत्तम. 15 इंची, म्हणजे 15 इंच रुंद आणि तेवढ्याच उंच पिशवीत वरची दोन इंच मोकळी सोडून जवळपास 38 लिटर मिश्रण बसतं आणि त्यात एक वांगं किंवा एक टोमॅटो येतो. 12 इंचीत 18 लिटर, मिरचीला पुरेशी. अशा 30 मोठ्या पिशव्या भरायला जेवढा माल लागतो तेवढ्यात वरचा अख्खा विटांचा वाफा भरतो, म्हणून पिशव्या स्वस्त पडतात हा हिशेब आठ-दहाच्या पुढे टिकत नाही.

मोठा फायदा सुट्टीत आहे. मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत शाळा बंद असते. 12 इंची पिशव्या तेवढ्यापुरत्या घरी नेता येतात. ओली 15 इंची पिशवी मात्र एकट्याने उचलण्याजोगी नसते. उन्हाळ्यात पिशवीला दोन वेळा पाणी लागतं, आणि शाळेत दोन वेळा जाणारं कुणी नसतं. पालेभाजीला उंच पिशवी वाया जाते, 9 इंच खोलीची रुंद घ्या.

ऊन: जूनमध्ये दिसतं ते डिसेंबरला नसतं

जागा निवडताना सगळ्यात जास्त फसगत इथं होते, कारण वाफे जूनमध्ये दाखवले जातात. कोल्हापुरात जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो. 35 फूट उंच तीनमजली इमारतीची सावली तेव्हा भर दुपारी दक्षिणेला चार फूट पडते. डिसेंबरच्या त्याच आठवड्यात सूर्य दक्षिणेला 50 अंशांवर येतो आणि त्याच इमारतीची सावली उत्तरेला 29 फूट जाते. म्हणजे इमारतीच्या उत्तरेला लागून असलेला वाफा जूनमध्ये लख्ख दिसतो आणि मेथी-पालकाच्या मुख्य हंगामात सावलीत जातो. इमारतीची उंची फुटांत घ्या, तिला 0.85 ने गुणा आणि उत्तरेच्या बाजूला तेवढं अंतर सोडूनच वाफा मागा. पालेभाजीला रोज चार-पाच तास ऊन भागतं. वांगी, टोमॅटो, मिरचीला सहा तरी हवं.

जूनपासून की ऑक्टोबरपासून

पहिलाच वाफा असेल तर ऑक्टोबर, यात आम्हाला शंका नाही. जुलैच्या झडीत मेथी कुजते, कोथिंबीर आडवी होते, तण आठवड्यात गुडघ्याला येतं. जूनपासून घ्यावाच लागला तर पहिल्या पावसावर ताग पेरा, 40 चौरस फुटांना 30 ते 40 ग्रॅम बी. सहा-सात आठवड्यांनी फुलावर येताना कापून मातीत गाडा आणि तीन आठवडे थांबा. काळी माती त्याने मोकळी होते. ज्यांना पावसाळ्यातही भाजी हवीच, त्यांनी गादी वाफ्यावर भेंडी आणि गवार घ्यावी.

ऑक्टोबरच्या वाफ्याची मांडणी अशी करता येते. तीन फुटांत मेथी, सहा इंचांच्या ओळींत. 25 ते 30 दिवसांत काढणी. पुढच्या दोन फुटांत कोथिंबीर. धणे चपलेखाली रगडून दोन भाग करून रात्रभर भिजवायचे, नाहीतर उगवण विरळ होते. दोन फूट पालक, मुळापासून न उपटता दोन बोटं ठेवून कापला तर तीन-चार कापण्या देतो. उरलेल्या तीन फुटांत वांग्याची चार रोपं. सगळी मेथी एकाच दिवशी पेरू नका, दहा-दहा दिवसांनी फूट-फूटभर पेरा. एका घराला एका आठवड्यात तीन फुटांतली मेथी संपत नाही.

गळीत हंगाम सुरू झाला की उसाचं पाचट सहज मिळतं. वांग्याभोवती तीन इंच थर द्या, पाण्याच्या फेऱ्या कमी होतात. ते वरच राहू द्या. मातीत मिसळलं तर कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि पिकाची पानं पिवळी पडतात. पावसाळ्यात हाच थर काढून टाकावा लागतो, त्याखाली गोगलगायी लपतात.

एकट्याने की दोन घरांत

रोज दहा-पंधरा मिनिटं पाणी आणि आठवड्याला तासभर भांगलण, एवढं एका घराला वर्षभर जमत असेल तर एकट्याने घ्या. बहुतेकांना दिवाळीच्या सुट्टीपर्यंतच जमतं. दोन घरांनी मिळून घेताना वाफा लांबीने मधोमध वाटू नका. वार वाटून घ्या. अर्धा-अर्धा वाटला की एका बाजूचं तण आणि मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) दुसऱ्या बाजूला येतोच. मावा दिसला तर 50 ग्रॅम ठेचलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारा. मुलं जिथं हाताने पानं तोडून तोंडात टाकतात तिथं रासायनिक औषध चालणार नाही, हे शाळेने सगळ्या भाडेकरूंना लेखी सांगितलेलं असावं. नसेल तर शेजारच्या वाफ्यावर काय पडतंय हे तुमच्या हातात राहत नाही.

पैसे देण्याआधी मुख्याध्यापकांशी आणखी तीन गोष्टी बोलून घ्या. रविवारी आणि सुट्टीत फाटकाची किल्ली शिपायाकडे असते की कुणाकडेच नसते. पाणी टाकीचं आहे की बोअरचं, आणि टाकी रिकामी झाली तर आधी कुणाला मिळतं. स्वच्छतागृहांना आधी मिळणार हे योग्यच आहे, पण ते आधी माहीत असावं. आणि शाळेची स्वतःची परसबाग असेल, जिची भाजी पोषण आहारात जाते, तर तिची हद्द कुठे संपते. दोन्ही वाफे लागून असले की मुलं चुकून तुमची वांगी तोडतात किंवा तुमची मुलं परसबागेतली, आणि वाद होतो. हद्दीवर झेंडूची एक रांग लावली की तेवढ्याने भागतं.

मेची सोय झाली नाही तर मार्चअखेर वाफा सोडून द्या आणि भाडंही सहा महिन्यांचंच ठरवा. सोडताना झाडं उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं आतच कुजू द्या. वर पाचटाचा थर पसरा, ठिबकाची शेवटची टोकं उघडून नळ्या धुवा आणि गुंडाळून सावलीत ठेवा, कारण कोल्हापूरच्या उन्हात उघड्यावर पडलेली नळी कडक होऊन पुढच्या हंगामात जोडापाशी तडकते.